तलवार हाती दिली म्हणजे झालं का?

तू विचारलंस ते थोडक्यात असं. आजकालच्या फॅन्टसी कादंबऱ्यांतल्या नायिकांना जो तो 'सशक्त', 'खंबीर' म्हणून डोक्यावर घेतो, तेवढी त्यांची लायकी आहे का? तुझा दादा म्हणतो की या सगळ्या मुळात पुरुष नायकच, लेखकाने वेणी तेवढी घातली आहे. तुझं म्हणणं, निदान त्या खिडकीत बसून राजपुत्राची वाट तर बघत नाहीत, हे काय थोडं झालं? शिवाय तू स्वतः तशीच एक कादंबरी लिहायला घेतली आहेस आणि पहिली तीन प्रकरणं सोबत जोडली आहेस. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बऱ्याच जणींचं कौतुक फुकटचं आहे, असं माझं मत. मात्र दादा सांगतो त्या कारणामुळे नव्हे. आणि ज्या थोड्या जणी खरोखर कौतुकाच्या आहेत, त्यांचं कौतुक लोक भलत्याच गोष्टीसाठी करतात.

मी प्रकाशकांसाठी हस्तलिखितं वाचते, त्यांवर अभिप्राय लिहिते, पसंत पडलेल्यांचं संपादन करते. अलीकडे तरुण मंडळी अद्भुताकडे वळली आहेत, त्यामुळे टेबलावरच्या गठ्ठ्यात अशी एखादी नायिका असतेच. पहिल्या दहा पानांत तिची ओळख पटते. भल्या पहाटे ती तालमीत दोन-चार पोरांना लोळवते. तिला स्वयंपाक येत नाही, आणि हे लेखक मोठ्या अभिमानाने सांगतो. आई बहुधा नसते, असलीच तर तिला काही कळत नसतं. चौथ्या-पाचव्या प्रकरणात एक म्हातारा येऊन सांगतो, 'पोरी, तू साधी नाहीस.' झालं. तिथून पुढे ती काहीही ठरवत नाही. भाकीत ठरवतं, रक्त ठरवतं, ड्रॅगन ठरवतो, नाहीतर काळ्या झग्यातला तो देखणा, खुनशी राजपुत्र ठरवतो. ती फक्त लढते, आणि उत्तम लढते. सोबतच्या पत्रात लेखकाने (किंवा लेखिकेने, यात दोघंही सारखेच) लिहिलेलं असतं की नायिका अत्यंत सशक्त आहे.

आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याचा गुजरी महाल तू शाळेच्या सहलीत पाहिला असशील, आता तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. त्या महालाची दंतकथा ग्वाल्हेरात कुणीही सांगेल. राजा मानसिंह तोमर शिकारीला गेला असताना राई गावच्या एका गुजर मुलीने झुंजणाऱ्या दोन म्हशी शिंगं धरून वेगळ्या केल्या आणि राजा तिच्यावर भुलला. सांगणारे इथे असे काही रंगतात की पुढची गोष्ट घाईत उरकतात. पुढची गोष्ट अशी, की ती लग्नाला तयार झाली ती अटी घालून. अटी सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण एक बहुतेकांच्या तोंडी असते: माझ्या गावच्या नदीचं पाणी माझ्या महालापर्यंत आलं पाहिजे.

म्हशी वेगळ्या केल्या, यावर बोलण्यासारखं काय आहे? वाहवा म्हणायचं आणि पुढे जायचं. ते बळ तिला कथा सांगणाऱ्याने दिलं, त्याने मनात आणलं असतं तर म्हशींच्या जागी हत्ती आले असते. पाण्याच्या अटीचं तसं नाही. हा हट्ट म्हणायचा की महालात गेल्यावर आपण आपल्या उरणार नाही, ही भीती? लोदी सुलतान उरावर बसलेला असताना राजाने राणीसाठी पाण्याची व्यवस्था करत बसावं का? गावातल्या इतर बायका पाण्याला कुठे जात होत्या? या अटीवरून त्या मुलीशी कडाकडा भांडता येतं, तिची बाजूही घेता येते. हस्तलिखित वाचताना मी हेच शोधते: या बाईशी मला भांडता येतंय का? येत नसेल तर तिने दहा राक्षस मारले काय नि शंभर मारले काय, कागद तेवढा वाया जातो.

आपल्याकडे याचा सर्वांत मोठा दाखला द्यूतसभेत उभा आहे. द्रौपदीच्या हातात तिथे काहीच नाही. ती एक प्रश्न विचारते: धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? भीष्मालाही त्याचं धड उत्तर देता येत नाही. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) या प्रश्नाबद्दल द्रौपदीलाच दोष दिला. त्या घटकेला तिने कायद्याचा कीस काढण्याऐवजी क्षात्रधर्माच्या नावाने दया मागायला हवी होती, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. मला ते आजही पटत नाही. दया मागितली असती तर ती मिळाली असती, असं त्या सभेत बसलेल्या कोणाकडे बघून वाटतं? पण बघ, इतक्या शतकांनंतर एक विदुषी तिच्याशी भांडते आणि मी त्या विदुषीशी. तुझ्या कपाटातल्या किती नायिकांच्या वाट्याला हे येईल?

आता तू पाठवलेल्या आवडत्या नायिकांच्या यादीकडे येऊ.

'हॅरी पॉटर'मधली हर्मायनी. तिची स्तुती हुशारीसाठी होते. सुरुवातीच्या पुस्तकांत तिची हुशारी बव्हंशी लेखिकेची सोय आहे. कथा अडली की हर्मायनी ग्रंथालयात जाते आणि उत्तर घेऊन येते. ही कामगिरी चांगला कोशही करील. मला ती माणूस वाटायला लागते चौथ्या पुस्तकापासून (२०००), घरगड्यांसारखे राबणाऱ्या एल्फांच्या, म्हणजे जादूई बुटक्यांच्या, मुक्तीची चळवळ ती काढते तेव्हा. बिल्ले काय, वर्गणी काय! पुढच्या पुस्तकात तर ती लोकरीच्या टोप्या विणून दिवाणखान्यात लपवून ठेवते. कपडा हाती आला की एल्फ मोकळा, असा नियम, म्हणजे सफाई करताना नकळत त्यांची सुटका व्हावी. एल्फांना याचा अपमान वाटतो, ते त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत, आणि सगळी सफाई डॉबी नावाच्या एकट्या एल्फाच्या गळ्यात पडते. मुद्दा शंभर टक्के बरोबर आणि पद्धत साफ चुकलेली, कारण ज्यांना मोकळं करायचं त्यांना तिने विचारलेलंच नाही. समाजसेवेच्या नावाखाली असं करणारी माणसं आपण दोघींनीही पाहिली आहेत. सिनेमावाल्यांनी हा सगळा भाग कापला. उरली ती हुशार, नीटनेटकी, कधीही न चुकणारी मुलगी, आणि कौतुक झालं ते तिचंच.

तिचा सर्वांत मोठा निर्णय शेवटच्या पुस्तकात (२००७) आहे. आईवडील सुरक्षित राहावेत म्हणून ती त्यांची स्मृती बदलते, आपल्याला एक मुलगी आहे हेसुद्धा विसरायला लावते, आणि त्यांना ऑस्ट्रेलियाला धाडते. त्यांना न विचारता. ही खरं तर एका अख्ख्या कादंबरीची सामग्री आहे. मूळ पुस्तकात ती सामान बांधता बांधता मित्रांना हे सांगते आणि पानभरात विषय संपतो. कथा हॅरीची आहे ना! नायिका दुबळी असते ती बऱ्याचदा अशी. तिला पराक्रम करू देतात, पण त्या पराक्रमाला पानं मिळत नाहीत.

जॉर्ज मार्टिनच्या १९९६ पासून सुरू झालेल्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' (टीव्हीवरचं 'गेम ऑफ थ्रोन्स') या मालिकेत आर्या आणि सान्सा या दोघी बहिणी आहेत. आमच्या वाचनकट्ट्यावर आर्याचे चाहते ढिगाने. तिच्याकडे तलवार आहे, ती कुणाला जुमानत नाही. सान्साला मात्र सगळे रडूबाई म्हणतात. मला विचारशील तर घडण जास्त सान्साची झाली आहे. पहिल्याच पुस्तकात ती राजपुत्राच्या प्रेमात आंधळी होऊन वडिलांचा बेत राणीला सांगून टाकते. केवढी चूक, आणि तिची स्वतःची! नंतर शत्रूच्या दरबारात ओलीस राहून ती शिकते ते एकच शस्त्र: गोड, शिष्ट, बेमालूम बोलणं. दारू पिऊन मैदानात आलेल्या एका सरदाराला, आता राजा झालेला तोच माथेफिरू राजपुत्र मारायला निघतो, तेव्हा ती पटकन म्हणते की स्वतःच्या वाढदिवसाला कुणाला मारणं अपशकुनी असतं. ही थाप आहे आणि ती अंगाशी आली असती. एक माणूस वाचतो. सासरी अशा थापा मारून दुसऱ्याचा जीव वाचवलेल्या बायका आपल्या घराघरांतून होऊन गेल्या, त्यांना कुणी सशक्त म्हटलं नाही.

नव्या लाटेबद्दल, म्हणजे प्रणय आणि ड्रॅगन एकत्र असलेल्या पुस्तकांबद्दल तुझ्या पिढीला माझं बोलणं टोचेल. तरी सांगते. रिबेका यारोसच्या 'फोर्थ विंग'मधली (२०२३) व्हायलेट पूर्वार्धात मला मनापासून आवडली. हाडं-सांधे नाजूक, आई सेनापती आणि तिनेच जबरदस्तीने ड्रॅगनस्वार घडवणाऱ्या मरणाच्या शाळेत ढकललेली. ही मुलगी कुस्तीआधी प्रतिस्पर्ध्यांना हळूच विष चारते, जीव जाऊ नये पण अंगातली ताकद उतरावी इतपत. फसवणूकच ती, पण स्वतःच्या डोक्याने केलेली, आणि इथे मला तिच्याशी भांडायला जागा होती. मग सर्वांत बलाढ्य ड्रॅगन तिला निवडतो, शिवाय दुसराही निवडतो, आणि भांडण संपतं. ज्या अडचणीने तिला विचार करायला लावलं होतं, ती अडचणच लेखिकेने हळूहळू काढून घेतली. या पुस्तकांचा खप असाच चालतो, हे मला कळतं. नायिका प्रथमपुरुषी बोलते, तिच्यात मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली असते, म्हणजे वाचणारीला आत शिरून बसता येतं. तयार कपड्यांच्या दुकानात 'फ्री साइज' असतो ना, तसं. कुणालाही होतो, कुणालाच नीट बसत नाही. वाचायला मजा येते हे मान्य. मीही रात्र जागवून वाचलं आहे. पण मजा आली म्हणून पात्र उभं राहिलं, असं होत नाही.

आता तुझ्या दादाला दोन शब्द. तो ज्या 'मेरी सू'चं नाव घेऊन तुला चिडवतो, ती मुळात १९७३ मधली. पॉला स्मिथ या बाईंनी 'स्टार ट्रेक' या अवकाशमालिकेवर चाहत्यांनी लिहिलेल्या हौशी कथांची टिंगल करायला छोटं विडंबन लिहिलं होतं, त्यातली ती सर्वगुणसंपन्न नायिका. तेव्हापासून कुठल्याही मुलीला दुसऱ्या प्रकरणात तलवार चालवता आली की तिला हे नाव चिकटवतात. जन्मतःच राजा, हातात जुनी दैवी तलवार, स्पर्शाने रोग बरे करणारा, वनस्पतींपासून वंशावळींपर्यंत सगळं जाणणारा असा पुरुष आला की मात्र तो 'महाकाव्याचा नायक'. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला असा राजा अ‍ॅरागॉर्न मलाही प्रिय आहे, पण तो सशक्त पात्र आहे का, असा प्रश्न कधी कुणी मला विचारलेला नाही. दादाने तोच गज पुरुषांनाही लावावा. आणि 'वेणी घातलेला पुरुष' ही तक्रार तर मला मुळातच लागू वाटत नाही. बाईने बाईसारखंच शूर असावं, हा आग्रह कोणी धरावा?

त्याच टॉल्किनच्या कथेत एओविन आहे (१९५५). पुरुषाचा वेश, नाझगुलांच्या, म्हणजे शत्रूच्या पिशाच्चस्वारांच्या, नायकाचा वध, आणि 'मी पुरुष नाही' हे ते प्रसिद्ध उत्तर. टाळ्या सगळ्या तिथे पडतात. मेरी नावाच्या हॉबिटने (बुटक्या जमातीतल्या गड्याने) आधी त्याच्या गुडघ्यामागे वार केला नसता तर तिचा वार झाला नसता, ही बारीक गोष्ट टाळ्यांत बुडून जाते. मी तिच्यासाठी थांबते ते आधी. मागे राहिलेल्या प्रजेची जबाबदारी तिच्यावर सोपवलेली असते आणि ती सोडून ती निघते. गडी लढायला जाणार आणि मी परत येणाऱ्यांसाठी अंथरूण-पांघरूण नि जेवणाची सोय बघायची का, असं ती अ‍ॅरागॉर्नला सुनावते. प्रश्न रास्त आहे. तरीही ती ठाणं सोडून जाते आहे, आणि जिंकायला नाही, मरायला जाते आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं ठेवणं लेखकाला जमलं. नंतर फारामिर या सरदाराच्या सहवासात ती इतक्या झटपट निवळते आणि तलवार सोडून रोग्यांची सेवा करीन म्हणते, तेव्हा मात्र मी दर वाचनाला समासात प्रश्नचिन्ह काढते.

माझ्या मते या सगळ्या प्रांतातली पहिल्या मानाची नायिका अर्सुला ले ग्विनची टेनार आहे. तुझ्या यादीत ती नव्हतीच. 'द टूम्ब्ज ऑफ अतुआन' (१९७१) मध्ये ती जमिनीखालच्या अंधाऱ्या शक्तींची पुजारीण आहे. लहानपणीच आईबापांपासून तोडून आणलेली, नावसुद्धा काढून घेतलेली. कैद्यांना उपाशी मारायची आज्ञा ती स्वतः देते. पोरवयात दिलेली ती आज्ञा तिला झोपू देत नाही, आणि लेखिका तिला त्यातून सोडवत नाही. पुढे चक्रव्यूहात अडकलेला जादूगार तिच्या हाती लागतो, तेव्हा त्याला मारायचं की जगवायचं हे ती कितीतरी पानं ठरवत राहते. जादू त्याच्याकडे, निर्णय तिच्याकडे. मग १९९० मध्ये 'तेहानू'त ले ग्विन तिच्याकडे परतली, तेव्हा टेनार मध्यमवयीन विधवा झाली होती. जादूची विद्या शिकायची संधी तिने स्वतःच सोडून एका शेतकऱ्याशी लग्न केलेलं. आता ती शेळ्या बघते, रांधते, आणि भाजलेल्या, टाकून दिलेल्या एका मुलीला वाढवते. तिच्यापाशी कसलीही जादू नाही. या पुस्तकावर त्या वेळी कित्येक चाहते नाराज झाले, त्यांना पुन्हा चक्रव्यूह हवा होता. तिने विद्या का सोडली, यावर मी अजून तिच्याशी मनातल्या मनात हुज्जत घालते.

आपल्या गावात बसून हा विषय निघाला की फुलबाग टाळता येत नाही. तिथे झाशीच्या राणीसाहेब लक्ष्मीबाई पुतळ्यात घोड्यावर आहेत, हातात तलवार उगारलेली. जून १८५८ मध्ये त्या इथेच पडल्या, राजकवी तांब्यांनी त्यावर लिहिलेली कविता तुझ्या आजीला पाठ असेल. ती काही कल्पित नायिका नव्हे, हे मला माहीत आहे. तरी लिहिणाऱ्या माणसाने पुतळ्याबरोबर गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'ही वाचावा. वरसईचा हा भिक्षुक त्या धामधुमीत झाशीत होता, त्याचं पुस्तक १९०७ मध्ये छापून आलं. झाशी गेल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्याला राणी भेटते. पठाणी वेश, अंग धुळीने भरलेलं, तहानेने जीव व्याकूळ. भटजी पाणी काढू लागतो तर ती त्याला अडवते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नये म्हणते, स्वतः काढते आणि ओंजळीने पिते. मग बोलता बोलता म्हणते की मी अर्धा शेर तांदळाची धनीण, विधवा बाई, मला या उद्योगात पडायची काय गरज होती, पण धर्माच्या अभिमानाने पडले. पुतळ्याशी तुला काही बोलता येणार नाही. विहिरीपाशी बसलेल्या या बाईला मात्र विचारता येतं, आणि तिने स्वतःलाही विचारलं आहेच.

आता तुझी प्रकरणं. पहिल्यातली तालीम नको, ती मी आधी खूप वेळा वाचली आहे. तिसऱ्यातला तलवार लाभण्याचा सोहळा लांबला आहे, निम्मा कर. तुझं खरं सोनं दुसऱ्या प्रकरणात आहे. भावाला सोडवायला ती शिपायांना गावच्या लपवलेल्या बावडीचा पत्ता सांगते, आणि तू ते सहा ओळींत उरकलंस. वर सातवी ओळ जोडलीस की मांत्रिकाने तिला भारलं होतं, म्हणून तिच्या तोंडून ते निघून गेलं. हे असं नायिकेला वाचवणं मी दर गठ्ठ्यात बघते. पुरुष नायकाने दगा दिला तर तो त्याचा स्वभाव. नायिकेने दिला तर मंत्र, औषध, नाहीतर गैरसमज! तिच्या हातून काही वाईट व्हावं हेच लेखकाला सोसत नाही.

तो मांत्रिक काढून टाक. तिला पूर्ण शुद्धीवर, शिपायाच्या डोळ्याला डोळा देऊन पत्ता सांगू दे. भाऊ सुटून घरी आल्यावर तो तिच्याशी काय बोलतो आणि बावडीवर पाण्याला जाणाऱ्या बायका काय बोलतात, ते लिहून काढ. बावडी लपवण्यात तिच्या आईचा हात होता, असं पहिल्या प्रकरणात ओझरतं आलं आहे, म्हणजे आईलाही काहीतरी म्हणायचं असणार. त्या आईला मधेच मारून टाकू नकोस. एवढं झालं की चौथं प्रकरण पाठव, तलवारीचं मग बघू.